अटलांटातून दोनदा संघ गेला: दोष गावाचा की मालकांचा?

निळीरेषा:
"अटलांटात आइस हॉकी रुजणारच नाही, दोन संघ गेले, आणखी काय पुरावा हवा?" असं वर ठोकून दिलंय, म्हणून सविस्तर लिहितो. पहिला संघ फ्लेम्स १९७२ ते १९८० तिथे होता, आठपैकी सहा हंगामांत प्लेऑफला (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांना) पोचला. मालक टॉम कझिन्स आर्थिक अडचणीत आले आणि संघ १.६ कोटी डॉलरला विकून कॅल्गरीला गेला. दुसऱ्या संघाचं, थ्रॅशर्सचं, प्रकरण याहून वाईट. २००४ मध्ये हॉक्स (बास्केटबॉल संघ), थ्रॅशर्स आणि दोघांचं मैदान फिलिप्स अरीना चालवण्याचे हक्क एकाच गटाने घेतले. पुढच्याच वर्षी भागीदार एकमेकांविरुद्ध कोर्टात, ते थेट २०१० संपेपर्यंत. २०११ मध्ये थ्रॅशर्स विकले, ते कॅनडात विनिपेगला गेले, अरीना मात्र सोडला नाही. स्थानिक खरेदीदार आला असता तरी भाडेकरूच राहिला असता, बाकी कार्यक्रमांचं उत्पन्न दुसऱ्याकडे. कोण घेणार?

आइसिंग:
सगळं मालकांवर ढकलू नका. फ्लेम्सने प्लेऑफची एकही मालिका जिंकली नाही. थ्रॅशर्स ११ हंगामांत एकदाच प्लेऑफला, २००७ मध्ये, आणि न्यूयॉर्क रेंजर्सकडून ४-० ने बाहेर. शेवटच्या हंगामात प्रेक्षकसंख्येत ३० संघांत २८वे. विनिपेगमध्ये १३,००० सीझन तिकिटं काही दिवसांत संपली!

तिसरासत्र:
अरीना डाउनटाउनला, हॉकीचा प्रेक्षक उत्तरेच्या उपनगरांत. उपनगरी ग्विनेट काउंटीने १९७१ आणि १९९० मध्ये मतदान करून मार्टा (अटलांटाची सार्वजनिक रेल्वे-बससेवा) नाकारली, कॉब काउंटीने तर १९६५ लाच. कामाच्या दिवशी सातचा सामना म्हणजे ऐन गर्दीत आय-८५ महामार्गावरून गाडी हाकायची. पहिलं सत्र गाडीतच!

आइसिंग:
अटलांटाचा बेसबॉल संघ ब्रेव्हज घ्या, ते २०१७ पासून कॉबमध्ये खेळतात. तिथेही रेल्वे नाही, तरी लोक येतात.

तिसरासत्र:
कारण मैदान प्रेक्षकांच्या दारात नेलं. हेच तर म्हणतोय.

आइसिंग:
धागा हॉकीचा आहे, मार्टाचा नाही. लोकांना खेळ हवा असेल तर ते कसेही येतात.

निळीरेषा:
कोणाला बघायला येणार? थ्रॅशर्सचे मोठे खेळाडू बघा: हीटली २००५ ला ऑटवाला, होसा २००८ ला पिट्सबर्गला, कोवालचुक २०१० ला न्यू जर्सीला. एकालाही टिकवता आलं नाही.

आइसिंग:
बरं, खेळाडू टिकवले नाहीत हे मान्य. तेवढंच.

निळीरेषा:
मग नॅशव्हिल घ्या. तेही दक्षिणेतच. २००७ मध्ये तिथला संघ प्रेडेटर्स कॅनडातल्या हॅमिल्टनला हलवायची तयारी होती, तिकडे सीझन तिकिटांसाठी अनामत रकमाही घेतल्या जात होत्या. स्थानिक गटाने संघ घेतला. २०१७ ला तोच संघ स्टॅन्ली कपच्या (लीगच्या विजेतेपदाच्या) अंतिम फेरीत होता. अटलांटात असा गट उभा राहायला अरीनाही विक्रीला हवा होता.