मेणवली घाटावर नऊवारीचं शूट: साडीची जर जळते, काळा दगड पांढुरका येतो, काय चुकतंय?

कृष्णाकाठची, सांगली

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाईजवळ मेणवलीच्या घाटावर फॅशन पोर्ट्रेटची एक मालिका करायची आहे. गर्द जांभळी, बारीक चौकडीची इरकली नऊवारी आणि राणी रंगाची रुंद जरीकाठाची पैठणी असे दोन पेहराव आहेत. मॉडेल सावळी आहे आणि तिचा रंग आहे तसाच दिसायला हवा.

सामान: क्रॉप सेन्सर बॉडी, ५० मिमी एफ १.८, एक स्पीडलाइट (सुटा फ्लॅश), तो दुरून उडवायचा ट्रिगर.

दुपारच्या चाचणी फोटोंत तीन अडचणी आल्या. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (शटर कॅमेराच ठरवतो तो मोड) मागचा काळा दगड राखाडी आला आणि जर पांढरी फटक. एक्सपोजरची भरपाई उणे १ केली तर डोळ्यांखाली काळोख. कॅमेऱ्यावरच फ्लॅश लावला तर काठावर पांढरे ठिपके. सीपीएल (चकाकी कापणारा पोलरायझर) फिल्टर घेतला तर जरीची चमक आटोक्यात येईल का? सॉफ्टबॉक्सचं बजेट सध्या नाही.

सातारी उजेड

ताई, तिन्ही अडचणींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे एका बटणाने तिन्ही सुटणार नाहीत.

घाटाचा बेसाल्ट काळा असतो. फ्रेमचा मोठा भाग त्याने व्यापला की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर त्याला मधल्या राखाडीवर ओढतं आणि एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड घेतं. तेवढ्यात जर पांढरी पडते. म्हणून ॲपर्चर प्रायॉरिटी सोडा, मॅन्युअलवर या. सावळ्या गालावर स्पॉट मीटर (फक्त तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोजणारं) लावून सुई उणे अर्ध्यावर ठेवा. मग जरीकडे बघा. तिथले दोन-चार टिपके पांढरे झाले तरी चालतात, जरीने चमकायलाच हवं. काठाची वेलबुट्टीच पुसली गेली तर मात्र आणखी १/३ स्टॉप खाली या.

राणी आणि जांभळ्या रंगात आणखी एक फसगत होते. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल कधीच फुटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि पदराच्या चुण्या एकसलग रंगाचा पट्टा होऊन बसतात. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम सुरू करा. फोटो रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, पण पिक्चर प्रोफाइल न्यूट्रल ठेवा, कारण कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम रॉवरून नाही, जेपेगवरून बनतो.

आता फ्लॅश. जर म्हणजे बारीक आरसाच. छोटा दिवा दाखवलात तर छोटा झगझगीत ठिपका दिसेल, मोठा पांढरा पडदा दाखवलात तर काठभर मऊ झळाळी. पॉवर कमी करून ठिपका फक्त मंद होतो, दिव्याचा आकार वाढवला तरच तो पसरतो. सॉफ्टबॉक्स नको, मांजरपाट घ्या. पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो घेऊन साधारण १.५ बाय २ मीटरची चौकट करा आणि कापड क्लिपांनी ताणून लावा. कोरं मांजरपाट पिवळट असतं आणि त्याला खळ असते, म्हणून दोनदा गरम पाण्यात धुवा. नीळ अजिबात घालू नका, चेहऱ्यावर निळसर झाक येते.

चौकट मॉडेलपासून सव्वा-दीड मीटरवर, बाजूने ४५ अंशांत आणि डोक्यापेक्षा थोडी वर धरा. चौकटीच्या मागे अर्ध्या-पाऊण मीटरवर स्पीडलाइट ठेवा, झूम सगळ्यात वाइडवर. कापड दीड ते दोन स्टॉप खातं. सावलीत, पाचच्या सुमाराच्या उजेडाला सेटिंगची सुरुवात अशी करा: आयएसओ २००, शटर १/२००, एफ ४, फ्लॅश १/८. मग पॉवर एकेक स्टॉप हलवून बघा. बहुतेक क्रॉप बॉडींचा सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर) १/२०० च्या आसपास असतो. त्यापुढे गेलात तर फ्रेमच्या एका कडेला काळी पट्टी येते, आणि त्याहून वेगवान शटरसाठी हाय स्पीड सिंकवर गेलात तर फ्लॅशची ताकद बरीच घटते. डोळ्यांखालचा काळोख दुपारच्या डोक्यावरच्या उन्हाचा होता. बाजूचा पडदा आला की तो जातो, उरलासुरला घालवायला दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट धरा.

चौकट धरायला दोन माणसं हवीत. नदीवरचा वारा तिला शिडासारखा ओढतो, नुसत्या स्टँडवर सोडू नका.

जरीकाठ

सीपीएलचं उत्तर: जरीसाठी घेऊ नका. ध्रुवीकरणाने ओला दगड, पानं, पाणी, तेलकट त्वचा यांवरची चकाकी कापली जाते, पण उघड्या धातूवरचं प्रतिबिंब त्याला जुमानत नाही. प्लास्टिक फिल्मच्या जरीवर थोडासा फरक दिसतो, खऱ्या जरीवर जवळजवळ नाहीच. वर दीड-दोन स्टॉप उजेड जातो. ओल्या पायऱ्या गडद हव्या असतील तर तो कामाचा आहे, पण पूर्ण फिरवलात तर गालावरची नैसर्गिक तकाकी मरते आणि सावळा चेहरा मातकट दिसतो. सावळ्या त्वचेचं सौंदर्य त्या तकाकीतच आहे, ती जपा. एडिटिंगमध्ये चेहरा उजळ करायचा मोहही टाळा.

एक राहिलं. तुमच्या चौकडीच्या इरकलीवर मॉयरे येण्याची शक्यता मोठी आहे. विणीची बारकाई सेन्सरच्या जाळीच्या जवळ आली की कापडावर इंद्रधनुषी लाटा उठतात. फोटो १०० टक्क्यांवर मोठा करून तपासा, कारण छोट्या प्रीव्ह्यूत स्क्रीनच खोट्या लाटा दाखवते. आल्याच तर एक पाऊल मागे किंवा पुढे व्हा, नाहीतर कोन बदला. एडिटिंगमध्ये काढायला गेलात तर कापडाचा रंगच धुतला जातो.

कृष्णाकाठची, सांगली

दोघांचेही आभार. मांजरपाट उद्याच आणते. दोन शंका. जवळून घेतलेल्या फोटोंत नथ टिपटॉप आणि डोळा मऊ येतो, हे कशाने? आणि पाचलाच सुरू केलं तर पुरेसा वेळ मिळेल का?

सातारी उजेड

सव्वा मीटरवर ५० मिमी, एफ १.८ म्हणजे जेमतेम ४–५ सेंमी खोली. नथीचे मोती कॉन्ट्रास्टी असतात, फोकस आधी त्यांनाच धरतो. सिंगल पॉइंट जवळच्या डोळ्यावर ठेवा आणि एफ ४ वर या, १० सेंमीच्या आसपास मिळतील, तेवढ्यात नथ आणि डोळा दोन्ही बसतात.

पाच उशीर होतो. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, पण पश्चिमेला डोंगर असल्याने खोऱ्यातलं ऊन त्याआधीच जातं. साडेतीनला पोचा, चारपर्यंत चौकट उभी करा, पैठणी आधी उरका. इरकल नंतर घ्या, सावलीत तिचा जांभळा जास्त खोल येतो. वड-पिंपळाखाली उभं केलंत तर गालावर हिरवी झाक येते. तिथे ग्रे कार्डवर व्हाइट बॅलन्स घ्या, वेगळ्या जागेला वेगळा. पाण्याला अगदी लागून बसवू नका. तिरपं ऊन पाण्यावरून उसळून हनुवटीखालून येतं आणि चेहरा भेसूर दिसतो. तीन-चार पायऱ्या वर बसवा. खालच्या पायऱ्यांना शेवाळ असतं, आणि नऊवारीत पाय घसरला तर मॉडेलला सावरता येत नाही.

घाटावर लोक देवदर्शनाला येतात. चौकट वाटेत धरू नका, आणि घाटाशेजारच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात शूट करायचं असेल तर परवानगी आधीच काढा.