मदत हवी आहे: आखाड्यावर उभ्या राहिलेल्या टाटा ४०७ चा क्लच सुटत नाही

मंडळी, नमस्कार. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलू-मानवत पट्ट्यात. घरची जुनी ४०७ आहे, २०२० च्या टाळेबंदीत आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) उभी केली ती तिथंच राहिली. वर पत्र्याचं शेड आहे, पण खाली काळी माती. पावसाळ्यात धरलेली ओल ती दिवाळीपर्यंत सोडत नाही. आता कापसाची वेचणी तोंडावर आली. भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही, म्हणून अण्णांनी (माझे वडील) आपलीच गाडी बाहेर काढायचं ठरवलंय. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात याच गाडीवर टाकी ठेवून अण्णांनी आमच्या आणि शेजारच्या वस्तीला पाणी पुरवलं होतं. त्यामुळे भंगारात घालायचा सल्ला कृपया देऊ नका, घरात तो विषय निघत नाही.

इंजिनाची अडचण नाही. टाकीतलं जुनं डिझेल काढलं, फिल्टर आणि इंजिन ऑइल बदललं, हातपंपानं एअर काढली, नवी बॅटरी लावली आणि इंजिन सुरू झालं. थोडा पांढरा धूर टाकला, मग आवाज एकसारखा आला. अडचण क्लचची आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात. सुरू केलं की एकही पडत नाही, रिव्हर्सला तर नुसती खरखर. पेडल खालपर्यंत जातं, पण पायाला जोर लागत नाही.

गावातले एक जण म्हणतात, हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) खालच्या झाकणातून डिझेल मारा, चिकटलेली क्लच प्लेट सुटेल. दुसरे म्हणतात, गिअर बॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही. आखाड्यावर खड्डा नाही, चेन पुली नाही, आणि अशा अवस्थेत गाडी गॅरेजपर्यंत ओढत न्यायची म्हणजे तोच एक खर्च. बॉक्स न उतरवता क्लच सुटू शकतो का? आणि डिझेल मारणं कितपत बरोबर आहे?

प्रतिसाद (नांदेड, गॅरेजचं काम करतो)

आधी ते डिझेल बाजूला ठेवा. क्लच प्लेट कोरडी चालणारी वस्तू आहे. तिच्यावरच्या लायनरनं (घासून पकड धरणाऱ्या थरानं) एकदा डिझेल किंवा ऑइल पिलं की प्लेट सुटेल, पण नंतर भरलेल्या गाडीत घसरेल. चढावर इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही, अशी गत होते. मग बॉक्स उतरवावाच लागतो, वर नवी प्लेट.

दुसरं, प्लेट चिकटलीय हे अजून ठरलेलंच नाही. पायाला जोर लागत नाही म्हणता, तर मला आधी तेलाच्या बाजूचा संशय येतो. इंजिन बंद ठेवा, चाकांना दोन्हीकडून दगड लावा, एकाला पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही खाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरचा (तेलाच्या दाबानं क्लच ढकलणाऱ्या खालच्या सिलिंडरचा) दांडा बघा. दांडा जेमतेम हलत असेल तर वरच्या (पेडलजवळच्या) किंवा खालच्या सिलिंडरचा वायसर (आतलं रबर) गेलाय. क्लचचं तेल हवेतलं पाणी ओढतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सिलिंडरला आतून गंज धरतो आणि रबर कडक होतं. दांडा पूर्ण बाहेर येऊनही गिअर पडत नसेल, तरच प्लेटकडे या.

धागाकर्ता

काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. दांडा अगदी थोडा हलत होता. दांड्यावरचा रबरी बूट मागं सारला तर आतून तपकिरी चिखलासारखं पाणी आलं. सेलूहून दोन्ही सिलिंडरचे किट आणले. बारीक पॉलिश पेपरनं बोअर साफ केला, सुदैवानं खोल खड्डे नव्हते. नवं तेल भरून एअर काढली. आता पेडलला चांगला जोर येतो, दांडा पूर्ण बाहेर येतो. तरी इंजिन सुरू असताना गिअर पडत नाही. म्हणजे आता प्लेटच ना? एक विचारायचं होतं, अण्णा म्हणतात पूर्वी क्लचमध्ये इंजिन ऑइल घालूनही गाड्या चालवल्यात. ते चालतं का?

प्रतिसाद (नांदेड)

इंजिन ऑइल अजिबात नको. त्यानं वायसर फुगतात, पेडल वर येत नाही. डब्यावर डॉट ३ लिहिलेलं ब्रेक-क्लचचं तेलच घाला.

आता प्लेटची खात्री. सपाट जागी इंजिन बंद ठेवून चौथा गिअर टाका, पेडल पूर्ण दाबून धरा आणि चार माणसांनी गाडी ढकला. मोकळी चालली तर प्लेट सुटलेली आहे. इंजिनाच्या दाबानं अडून राहिली तर प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) धरून आहे. होतं असं की प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा चोवीस तास प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून ठेवतात. फ्लायव्हील बिडाचं. ओल लागली की त्याच्या तोंडावर गंज फुटतो आणि लायनरला पकडतो. पेडल दाबलं की प्रेशर प्लेट थोडीशीच मागं जाते. तेवढ्यानं प्लेट आपोआप निघत नाही.

आज रात्री पेडल पूर्ण दाबून पेडल आणि सीटच्या मध्ये लाकडी ठोकळा पक्का बसवा. स्प्रिंगांचा दाब निघाला की कधी कधी सकाळी पहिल्या सेल्फलाच प्लेट सुटते. किट नवे आहेत, तेवढा दाब धरतील.

प्रतिसाद (जालना, पूर्वी ट्रकवर ड्रायव्हर)

ठोकळ्यानं नाही सुटली तर गाडीच्या चालीनं सोडवावी लागेल. पण त्याआधी ब्रेक बघा, भाऊ. क्लचच्या सिलिंडरची जी गत झाली तीच ब्रेकच्या सिलिंडरची झालेली असणार. चारही ड्रम उघडा, हँडब्रेक धरतो का बघा, मगच पुढचं. गाडी गिअरमध्ये असताना क्लच तोडत नसेल तर थांबायला ब्रेक आणि इंजिन बंद करणं एवढंच हातात उरतं. जुन्या डिझेल गाडीत चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, स्टॉपची तार ओढावी लागते. ती तार गंजून अडकलेली नाही ना, हे आधी चार वेळा ओढून बघा. इंजिन बंद पडलं की ब्रेक बूस्टरची मदतही जाते, पेडल जड होतं, तेव्हा पायात जोर ठेवा.

रीत अशी. इंजिन न्यूट्रलमध्ये अर्धा तास चालवून चांगलं गरम करा, बंद करा. कापणी झालेलं सपाट वावर धरा, समोर बांध, विहीर, खांब काही नको, आणि माणसं-जनावरं लांब. पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, आणि सेल्फ मारा. गाडी हिसका देऊन चालू लागेल. कधी त्या हिसक्यातच प्लेट सुटते. नाही सुटली तर क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलेटर जरा दाबायचा आणि एकदम सोडायचा, पुन्हा दाबायचा. मध्ये ब्रेकचा हलका टेका द्यायचा. उलटसुलट ताण पडला की गंजाची पकड तुटते. सुटली की लगेच कळतं, गाडीचा ओढा जातो आणि इंजिन मोकळं फिरतं.

गाडीत माल भरून किंवा मागची चाकं दगडाला अडवून जोर लावू नका. प्लेट राहील तिथंच आणि क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर) नाहीतर जॉइंट जाईल. काही जण मागची चाकं जॅकवर उचलून गिअरमध्ये इंजिन चालवतात. मऊ काळ्या मातीत जॅक एका बाजूला बसला तर गाडी सुटून पळेल. ते करू नकाच.

धागाकर्ता

सुटली! ठोकळ्यानं काही झालं नव्हतं. आधी ब्रेकचं काम केलं. मागच्या एका चाकाचा सिलिंडर खरंच जाम होता. मग सोयाबीन निघालेल्या वावरात अण्णा स्वतः बसले, मी शेजारी स्टॉपच्या तारेवर हात ठेवून. वावराच्या दुसऱ्या टोकाला वळायच्या आत खट् आवाज झाला आणि गाडी जागेवर थांबली, इंजिन मात्र सुरूच. अण्णांनी लगेच दुसरा टाकला, मग रिव्हर्स. सगळे गिअर लोण्यासारखे पडले. आईनं बांधावरूनच हात जोडले. दोघांचे मनापासून आभार.

आता एकच. पहिल्या गिअरला क्लच सोडताना गाडी थरथरते. नवी प्लेट घालावी लागेल का?

प्रतिसाद (नांदेड)

अण्णांना नमस्कार सांगा. थरथर गंजाच्या डागांमुळे आहे. रिकामी गाडी गावच्या रस्त्यावर चालवा, थांबून-थांबून उठवा; डाग घासले जातात आणि बहुतेक वेळा थरथर कमी होते. अर्धा क्लच धरून तापवू मात्र नका. कमी झाली नाही, किंवा भरलेली गाडी घसरू लागली, तर लायनरचा तुकडा निघालाय असं समजा. मग बॉक्स उतरवून प्लेट, थ्रस्ट बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग एकदमच बदला. उतरवण्याची मजुरी पुन्हा पुन्हा द्यायला नको. हाऊसिंगमधली धूळ तोंडानं किंवा हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

प्रतिसाद (जालना)

आणि कापूस भरून मानवतला निघण्याआधी कागद बघा. ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी लागतो, तुमचा २०२० नंतर झालेलाच नसणार. विमाही संपला असेल. परभणीला गाडी दाखवायला नेण्याआधी थरथर घालवा आणि हँडब्रेक पुन्हा एकदा तपासून घ्या.