मदत हवी आहे: ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी पायताण

नमस्कार मंडळी,

आमच्या गावाला दर हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. कोप्यांमधली (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांमधली) पोरं फडात अनवाणीच हिंडतात आणि तोडलेल्या उसाचे बुडखे पायात सुरीसारखे घुसतात. गेल्या वर्षी पुण्यातल्या आमच्या सोसायटीतून दोन पोती जुने बूट नेले नि फजिती झाली. टाचेच्या सँडल, सोल उचकटलेले बूट, एकाला तर जोडच नाही! (दान म्हणजे माळा रिकामा करणं, असा काहींचा समज असावा.) निम्मं परत आणलं.

यंदासाठी ३४ पोरांची पावलं गेल्या हंगामातच वर्तमानपत्रावर पेन्सिलीने आखून आणली आहेत. त्यावरून नंबर कसा काढायचा? वाढतं पाऊल धरून अंगठ्यापुढे किती जागा सोडू? पाणी दिलेल्या रानात कापडी बूट लवकर वाळत नाहीत, म्हणून मागे पट्टा असलेल्या सँडल बऱ्या वाटतात. पण बुडख्यापुढे त्यांचा तळ टिकेल का?

शिवाय उरलेले स्पोर्ट्स शूज ग्रीनसोलला द्यावेत म्हणतोय. मुंबईची ही संस्था जुन्या बुटांच्या चपला बनवून शाळकरी मुलांना देते. पुण्याहून कुणी पाठवले आहेत का? पार्सलचा खर्च किती आला?

टोळ्या दिवाळीनंतर येतील, त्याआधी खरेदी उरकायची आहे.