पिशवी काढायच्या आधी

ताई, ४४व्या वर्षी पाळीत दहा-दहा दिवस अंगावरून जातं असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यावर कुणीतरी ‘गर्भाशयाची पिशवी काढून मोकळ्या व्हा’ असा सल्ला दिलाय. तो घाईचा वाटतो. या वयात काही महिने बीजच सुटत नाही. मग प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं, पाळी लांबते आणि आली की थांबत नाही.

तासा-दोन तासाला घडी किंवा पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर कापूस वेचणी संपायची वाट पाहू नका. आधी गर्भ नाही याची खात्री, मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी. पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडाही तपासतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध फक्त रक्त जाण्याच्या दिवसांत घेतात. पूर्वी शिरेत रक्ताची गाठ झालेल्यांना चालत नाही. गर्भाशयात हार्मोनची तांबीही बसवता येते. (साधी तांबी नको, तिनं रक्तस्राव वाढतो.)

ऑपरेशन करावंच लागलं तर अंडाशय ठेवणार की काढणार, हे सहीआधी विचारा. तीही गेली तर गरम वाफा एकदम सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात.

लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा दोन तास लांब. इथं गोळी चहासोबतच घेतली जाते, मग रक्त वाढत नाही म्हणून गोळीला बोल! शौच काळी होणं साधं आहे. हिमोग्लोबिन भरल्यावरही तीन महिने गोळ्या सोडू नका.

बारा महिने पाळी बंद राहून पुन्हा डाग दिसला, तर मात्र लगेच तपासणी.