दोन सीटची हलकी इलेक्ट्रिक गाडी: पन्हाळ्याच्या चढाला ४८ व्होल्ट की ७२?

उद्यमनगर_टर्नर:
माणसांसकट ६०० किलो. वेग ५०, एका चार्जिंगला १०० किमी, आणि पन्हाळ्याचा घाट दम न खाता चढायला पाहिजे. ४८ व्होल्ट पुरेल का? बॅटरी केवढी? लेड-ॲसिड स्वस्त पडते. चेसिस ॲल्युमिनियमची करावी का?

वॅट_मोजणारा:
आधी हिशेब मांड भावा. रोलिंगचा गुणांक ०.०१२ धरला तर सपाटीला टायर ७० न्यूटन खातात. ५० च्या वेगाला हवाही जवळपास तेवढंच खाते (हवेच्या अडथळ्याचा गुणांक म्हणजे सीडी ०.३५, समोरचं क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर). चाकावर किमीला ३९ वॅट-तास, बॅटरीतून ४८. सिग्नलचे २५ टक्के वाढव, बॅटरी ८० टक्केच वापरायची धर: साडेसात युनिट. एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट) १०० अँपिअर-तासाचे २४ सेल सिरीजमध्ये लावले की काम झालं. सेलचं वजन पन्नासेक किलो. तेवढ्याच युनिटला लेड-ॲसिड दोनशे किलोच्या वर जाते, आणि टिकवायची तर निम्मीच वापरायची. मग गाडी बॅटरीच ओढत बसणार.

८ टक्के चढ, वेग ३०: चाकावर पावणेपाच किलोवॅट, बॅटरीतून सहा. ४८ ला १२५ अँपिअर, २४ सेलला (म्हणजे ७२ च्या पॅकला) ८० च्या आत. तीच केबल ठेवली तर ४८ ला तापून जाणारी वीज दुपटीहून जास्त. ७२ च घे.

घाट_उतार:
चढाचं झालं, उताराचं काय? २४ सेल फुल झाले की ८७.६ व्होल्ट. कंट्रोलरवर ‘७२’ छापलंय म्हणून घेऊ नको, कमाल इनपुट बघ. गडावर फुल चार्ज करून निघालास तर रीजनची, म्हणजे उतारावर ब्रेक लावताना मोटर उलटी बनवते ती वीज जाणार कुठं? व्होल्टेज उसळतं, बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) चार्जिंग तोडतो आणि ऐन वळणावर मोटरचं ब्रेकिंग गायब. म्हणून वर असताना चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबव. सुमारे ४०० मीटर उतरताना ६०० किलोतून सगळी मिळाली तरी ०.६५ युनिटच मिळते, तेवढी जागा पुरते. तरी हायड्रॉलिक ब्रेक किती ताकदीचे हे ठरवताना रीजन नाहीच असं धर.

ओतकाम_शिरोली:
चेसिस स्टील ट्यूबचीच ठेव. वेल्डिंग कुठंही होतं, दुरुस्तीही. भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवायला नव्याच्या मानानं ५ टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा लागते, त्यामुळं मोटर हाऊसिंग त्यातलं ओत. सस्पेन्शन आर्म मात्र नको: भंगारातून लोह वाढतं, सुईसारखे कण बनतात आणि माल ठिसूळ होतो. तिथं एसजी आयर्न, म्हणजे चिवट बीड.

बॅटरीची पेटी आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाणारी), पण आतला-बाहेरचा दाब सारखा ठेवणाऱ्या ब्रीदर व्हॉल्व्हसकट. तापलेली पेटी पुराच्या पाण्यात गार झाली की आतला दाब पडतो आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. आणि सेल चिकटवू नको, प्लेट-बोल्टनं आवळ. एक सेल गेला तर एकच बदलता येतो.

उद्यमनगर_टर्नर:
रिडक्शन ८:१ (मोटरच्या ८ फेऱ्यांना चाकाची १) धरलंय, चाकाची त्रिज्या २७ सेंमी. चालेल?

वॅट_मोजणारा:
१२ टक्के चढावर उठायला चाकाला २१० न्यूटन-मीटर लागतात, मोटरला ३० च्या आत. चालतंय. त्याहून कमी रिडक्शन ठेवलंस तर चढावर करंट वाढून वाइंडिंग तापेल.