'२४ तास' पाटी लावली की रात्री काय मिळायला हवं?

बोक्याची_आई:
आमचा बोका संध्याकाळपासून सारखा ट्रेमध्ये बसून कुंथत होता, लघवीचा एक थेंब नाही. रात्री ओरडायला लागला आणि पोट हाताला कडक लागलं. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद. म्हणून पुण्यातल्या '२४ तास इमर्जन्सी' पाटीच्या एका दवाखान्यात फोन केला, लघवी तुंबल्याचं स्पष्ट सांगितलं. "घेऊन या" म्हणाले.

गेल्यावर आधी डिपॉझिट भरायला लावलं. आत एक तरुण मुलगा एकटा. त्याने डॉक्टरांना फोन लावला, एक वेदनाशामक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "सकाळी मोठे डॉक्टर येतील, तोवर ठेवून जा." कॅथेटरचं (लघवी मोकळी करणाऱ्या नळीचं) विचारलं तर "भूल द्यावी लागते, रात्री देत नाही." रक्त तपासलं नाही, सलाईन लावलं नाही. आम्ही बोक्याला उचललं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे पहाटे कॅथेटर घातला. तो वाचलाय, अजून अ‍ॅडमिट आहे.

पैसे गेल्याचं दुःख नाही. जे रात्री करतच नाही, त्यासाठी "या" का म्हणायचं? ज्यांच्याकडे रात्री भूल देणारा डॉक्टर नाही, त्यांनी ही पाटी लावू नये असं माझं ठाम मत आहे.

रात्रपाळी_व्हेट:
असहमत. बोका बरा होवो, पण भूल दिली नाही हा दोष कसा? नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो बंद झाला की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याचा घाला थेट हृदयावर पडतो. अशा मांजराला घाईने भूल दिली तर ते टेबलावरच जाऊ शकतं. आधी ईसीजी, सलाईन, गरज पडली तर हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन, मग कॅथेटर. एकट्या माणसाने हे करू नये. त्या मुलाने नाही म्हटलं ते योग्यच.

डिपॉझिटचंही सांगतो. जनावर अ‍ॅडमिट करून फोन बंद ठेवणारे लोक मी पाहिलेत. उपचार थांबवता येत नाहीत, बिल दवाखान्याच्या अंगावर पडतं.

बोक्याची_आई:
डॉक्टर, डिपॉझिट मी एका शब्दाने न बोलता भरलं. तुम्ही जी यादी दिलीत त्यातलं पहिलं पाऊलसुद्धा तिथे पडलं नाही, माझी तक्रार तीच आहे. सलाईन नाही, ईसीजी नाही, आणि सकाळपर्यंत थांबा! पूर्ण तुंबलेला बोका दोन दिवसांतही दगावतो, आमचा तर संध्याकाळपासून तुंबलेला होता. फोनवर "आमच्याकडे होणार नाही" एवढं सांगितलं असतं तर आम्ही सरळ दुसरीकडे गेलो असतो.

कृष्णाकाठ:
ताई, राग समजतो. पण तुम्हाला एका रात्रीत दुसरा दवाखाना मिळाला. आमच्याकडे सातारा जिल्ह्यात सरकारी दवाखान्यातले डॉक्टर एकटे कितीतरी गावं बघतात, आणि तीही गाई-म्हशींची. १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला तर फिरतं पथक येतं, पण रात्री मांजरासाठी कोण येणार? पाटी काढा म्हणाल तर ते निदान इंजेक्शन देणारेही उरणार नाहीत. अर्धी सोय चालेल, पण दार उघडं हवं.

पेठेतला_वकील:
कृष्णाकाठ, माणसं कमी आहेत हे खरं, पण त्याने खोटी पाटी खरी होत नाही. पैसे घेऊन दिलेला पशुवैद्यकीय उपचार ही सेवा आहे, ग्राहक आयोगात दाद मागता येते. दुसरं, भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचे. देखरेखीखाली किरकोळ सेवांना तेवढी सूट आहे. तो मुलगा नोंदणीकृत होता का, हा पहिला प्रश्न. ताई, केस पेपर आणि इंजेक्शनचं नाव लेखी मागून घ्या. लघवी तुंबलेल्या मांजराला काही वेदनाशामकं मूत्रपिंडाला घातक ठरतात.

रात्रपाळी_व्हेट:
इंजेक्शनचं नाव मागा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. फोनवर खरं सांगायला हवं होतं, हेही मान्य. पण पाटी काढण्याला माझा विरोध कायम आहे. रात्री येणाऱ्या सगळ्याच केसला भूल लागत नाही. रक्त गोठू न देणारं उंदराचं औषध खाल्लेला कुत्रा वेळेत आला तर उलटी करवून, जीवनसत्त्व के देऊन वाचतो. झटके येणारं पिल्लू, उष्माघात, रक्तस्राव, इथे तो एकटा माणूसही जीव वाचवतो. पाटीखाली लिहा: रात्री शस्त्रक्रिया व भूल नाही.

बोक्याची_आई:
असं लिहिलं असतं तर हा धागा निघालाच नसता. पण ते लिहीत नाहीत, कारण लिहिलं तर डिपॉझिट येणार नाही. त्यामुळे तुमचा तोडगा पटतो, तुमचा विश्वास पटत नाही.

रात्रपाळी_व्हेट:
मग तक्रार जरूर द्या, पण मालकाच्या नावाने. त्या मुलाच्या नावाने देऊ नका. रात्रभर एकट्याला बसवणारा तो नाही.

बोक्याची_आई:
मालकाच्याच नावाने देणार. त्या मुलाने बोक्याला फार मायेने धरलं होतं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दवाखाना बंद पडेल या भीतीने मी गप्प बसणार नाही. आणि घरी बोका असलेल्या सगळ्यांना सांगते: निघण्यापूर्वी फोनवर तीन गोष्टी विचारा. डॉक्टर आत्ता तिथे हजर आहेत का, कॅथेटर आत्ता घालतील का, रक्त आत्ता तपासतील का. एकाचंही उत्तर "सकाळी" आलं तर पुढचा नंबर फिरवा.