पुस्तकांच्या स्टॉलसाठी ठसठशीत सेरिफ (टोकांना छोट्या रेघा असलेला) फॉन्ट: रोझा वन घ्यावा की एक्झार?

संत्रानगरी_वाचक: अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल लागणार आहे. 10 बाय 3 फुटांचा फ्लेक्स आणि न्यूजप्रिंटवर 8 पानी पुस्तकयादी, दोन्ही मराठी-इंग्रजी. जुन्या पोथ्या-पुस्तकांसारखं जाड-बारीक वळणाचं भारदस्त अक्षर हवंय. रोझा वन फ्लेक्सवर छान दिसतो, पण यादीत 12 पॉइंटला वाचवत नाही. एकच फॉन्ट दोन्हीकडे चालेल का?

बोरू_आणि_टाक: नाही चालणार. रोझा वनमध्ये जाड रेघ अतिजाड आणि बारीक रेघ केसाएवढी. हे अक्षर मोठ्या आकारासाठीच काढलंय. न्यूजप्रिंट शाई पिते, जाड रेघा फुगतात, ध-घ-भ यांच्या पोटातली पांढरी जागा बुजते आणि ध कुठला, घ कुठला ते कळत नाही. काळ्या पट्टीवर पांढरं अक्षर ठेवलंत तर उलटं होतं, बारीक रेघाच शाईखाली जातात. अर्ध्या पॉइंटहून बारीक रेघ तिथे टिकत नाही.

यादीसाठी एक्झार घ्या. वैभव सिंह यांचा आहे, मोफत आहे, 400 ते 800 अशी पाच वजनं (जाडीच्या पायऱ्या) आहेत. त्याच्या रेघांत फरक कमी म्हणून तो लहान आकारात तग धरतो. मजकूर 400, पुस्तकांची नावं 700. मजकुरातला एखादाच शब्द उठून दिसावा म्हणून जाड अक्षर वापरायची पद्धत रोमनमध्ये (इंग्रजीच्या लिपीत) 1845 च्या क्लॅरेंडन या टाइपपासून रुळली, आणि त्यातही रेघांतला फरक बेताचाच होता.

रोझा वनला एकच वजन आहे. त्यावर 'बी' (बोल्डचं बटण) दाबू नका. सॉफ्टवेअर चारी बाजूंनी सारखी सूज चढवतं आणि वळण मरतं.

फ्लेक्सवाला_भाऊ: मापाचं बोलतो. साधारण 10 फुटांवरून वाचायला 1 इंच उंची लागते. गर्दीत 30 फुटांवरून वाचायचं तर किमान 3 इंच, आणि हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचं, मात्रा सोडून. दोन ओळी करा, अक्षर 7 इंच, ओळीपासून ओळ 15 इंच. याहून जवळ आणलंत तर वरच्या ओळीचा दीर्घ ऊकार खालच्या ओळीच्या रफारावर बसेल.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. कोरलड्रॉमध्ये अक्षराला बाहेरची रेघ द्यायची असेल तर आधी कर्व्ह करा (अक्षरांचे आकार बनवा), मग वेल्ड (ते आकार एकजीव करा). नाहीतर शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. प्रेसला कर्व्ह केलेलीच फाइल द्या.

संत्रानगरी_वाचक: यादीची पानं इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये लावतोय, तिथे जोडाक्षरं फुटताहेत, आणि ल, श हिंदी वळणाचे येताहेत.

बोरू_आणि_टाक: परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, जोडाक्षरं जुळतील. मग सगळा मजकूर निवडून भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. नाही आले तर ग्लिफ पॅनेलमध्ये शोधा. महाराष्ट्रातल्या वाचकाच्या हाती द्यायच्या यादीत एवढं तपासलंच पाहिजे.

इंग्रजी नावं त्याच फॉन्टची ठेवा. बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट असतो, त्यामुळे जाडी वेगळ्या जागी पडते. दोन्ही लिप्या एकत्र आखलेल्या फॉन्टमध्ये तो मेळ आधीच घातलेला असतो. देवनागरी अक्षर शेजारच्या कॅपिटलपेक्षा लहान वाटलं तर फक्त रोमन 5 ते 8 टक्के कमी करा.